लंडन शहर कसें पाहावें ?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या घरोघरीं प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. पूर्वीं या गोष्टी कोंकणांतील गांव, महाबळेश्वर, फार तर काशी येथपर्यंत जाऊन थांबत. अलीकडे गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांचाहि कोणी ना कोणी आप्त नोकरीनिमित्त विलायतेस राहिलेला असतो, आणि त्याच्या आधारावर आईबाप मुलांसह आठ-दहा दिवस लंडन पाहून येतात. गतवर्षीं आम्हांसहि असा योग आला. परंतु प्रस्तुत लेख हें त्या प्रवासाचें वर्णन नव्हे. तशीं वर्णनें पुष्कळ आहेत. परकें शहर कसें पाहावें याचा एक पाठ म्हणून आम्ही तो लिहीत आहों. ज्यांना लंडनास जावयाचें आहे त्यांच्या तो उपयोगीं पडेल, आणि ज्यांना जावयाचें नाहीं त्यांच्या तर अधिकच उपयोगीं पडेल, असा आमचा भरंवसा आहे.

मराठी माणसाचा लंडनाशीं संबंध नवा नाहीं. १८८३ सालीं पंडिता रमाबाई आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन मुंबईहून आगबोटीनें इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षीं त्यांचें प्रवासवृत्त मराठींत छापून निघालें. त्या काळीं या वाटेस जवळजवळ चार आठवडे लागत. आज विमान नऊ-दहा तासांत तेथें पोंचवितें. वेळ वांचला हें खरें; परंतु आगबोटीवर त्या चार आठवड्यांत प्रवाशाच्या मनाची जी तयारी होत असे, ती आतां घरीं राहूनच करावी लागते. म्हणून पाठाचा आरंभ आपण घरापासूनच करूं.

१. घरची तयारी

जाण्यापूर्वींच्या सहा शनिवारीं नववींतील कन्या व पांचवींतील चिरंजीव यांस बरोबर घेऊन आम्हीं उभयतांनीं मुंबईच पाहिली. फ्लोरा फाउंटन, राजाबाई टॉवर, राणीच्या बागेंतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, गिरगांव चौपाटी आणि परळची पोयबावडी, इतकीं ठिकाणें आम्हीं ठरविलीं होतीं. प्रत्येक ठिकाणीं मुलांनीं आपापल्या वहींत तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहावयाचीं: हें कोणीं बांधलें, कोणाच्या पैशानें बांधलें, आणि लंडनाशीं याचें कांहीं नातें आहे काय? शेजाऱ्यांना याचें हंसूं आलें. लंडनास जाण्यासाठीं राणीच्या बागेंत कशाला जावें लागतें, असें त्यांनीं आम्हांस विचारलेंहि. त्याचें उत्तर पुढील विवेचनांत येईल.

२. वेळेचा धडा

लंडनच्या आग्नेयेस टेम्स नदीच्या कांठीं ग्रिनिच म्हणून भाग आहे. तेथील राजवेधशाळा १६७५ सालीं स्थापन झाली. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें अनेक राष्ट्रांची परिषद भरली, आणि या वेधशाळेवरून जाणारें रेखावृत्त हेंच शून्य रेखावृत्त मानावें असें तींत ठरलें. वेधशाळेच्या आवारांत जमिनींत धातूची एक पट्टी बसविली आहे. एक पाय पूर्व गोलार्धांत व दुसरा पश्चिम गोलार्धांत ठेवून प्रवासी तेथें आपलें छायाचित्र काढवून घेतात. आमच्या मुलांनींहि तें काढविलें. नंतर आम्हीं चिरंजीवांस तेथेंच एक हिशेब घातला.

पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटें लागतात. मुंबई या पट्टीच्या पूर्वेस सुमारें ७२ अंश ५० कलांवर आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबानें मुंबईचें घड्याळ ग्रिनिचच्या पुढें किती असावें? उत्तर आलें, ४ तास ५१ मिनिटें. परंतु आपलीं घड्याळें तर साडेपांच तास पुढें असतात! मधलीं ३९ मिनिटें गेलीं कोठें?

ह्या ३९ मिनिटांत मुंबईचा मोठा इतिहास भरला आहे. १९०६ सालीं सरकारनें सर्व हिंदुस्थानासाठीं साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची एकच प्रमाणवेळ सुरू केली. मुंबईकरांस ती रुचली नाहीं. गिरण्यांतील कामगारांनीं निषेध केला, कारण घड्याळ पुढें सरकलें कीं सकाळची पाळी अंधारांत लागणार. मुंबई महानगरपालिकेनें पुढें कित्येक वर्षें जुनी 'मुंबई वेळ' चालू ठेवली होती, आणि तोंवर एकाच शहरांत दोन वेळा नांदत होत्या. लालबाग-परळच्या मुलानें ग्रिनिचच्या पट्टीवर उभें राहून हें आठवलें, तर ती पट्टी त्याच्याहि घराण्याच्या इतिहासांत येते. न आठवलें, तर ती जमिनींतील एक पट्टीच राहते.

चिरंजीवांनीं भ्रमणध्वनी काढून पाहिला, तों त्यांत शून्य अंश दिसेना. तें पट्टीच्या पूर्वेस सुमारें १०२ मीटरांवर दिसलें. याचें कारण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. जुन्या ज्योतिष्यांनीं आपलीं यंत्रें गुरुत्वाकर्षणाच्या दिशेस धरून लाविलीं. पृथ्वीच्या पोटांतील द्रव्य सर्वत्र सारखें नसल्यामुळें ओळंबा किंचित् ढळतो. हल्लींचे उपग्रह पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून मोजतात. म्हणून हा फरक पडतो. ज्योतिष्यांनीं चूक केली असें मात्र समजूं नये. मोजण्याची रीत बदलली, इतकेंच.

३. दगडांचा धडा

ग्रिनिचहून आम्ही शहराच्या मध्यभागीं सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिराकडे गेलों. लंडनची भुयारी रेल्वे जगांतील पहिली; ती १८६३ सालीं सुरू झाली. गिरगांवाखालून भुयारी मेट्रो धावूं लागली ती २०२५ सालीं. परंतु कन्येनें वहींतून दाखवून दिलें कीं, बोरीबंदर ते ठाणें ही आपली पहिली आगगाडी १८५३ ची, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या दहा वर्षें अगोदरची. तुलना करावयाची तर ती दोन्ही अंगांनीं करावी.

१६६६ सालच्या प्रचंड आगींत जुनें सेंट पॉल जळालें. पुढें १६७५ पासून सर ख्रिस्तोफर रेन या शिल्पज्ञानें पस्तीस वर्षें खपून सध्यांचें मंदिर उभारलें. त्याचा पांढुरका दगड पाहून चिरंजीव थबकले. हा दगड त्यांच्या ओळखीचा होता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड येथील खाणींचा तो दगड आहे, आणि त्याच जातीचा दगड समुद्रावरून आणून १८६४ सालीं आपलें फ्लोरा फाउंटन घडविलें गेलें. त्या कारंजाचा आराखडा लंडनच्या रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा व मूर्तिकाम जेम्स फोर्साइथ यांचें. आज तो चौक आपण हुतात्मा चौक म्हणून ओळखतों. फुलांच्या त्या रोमन देवतेशेजारींच संयुक्त महाराष्ट्रासाठीं प्राण देणाऱ्यांचें स्मारक आहे. एकाच चौकांत राज्यकर्त्यांची हौस आणि प्रजेचा त्याग हीं दोन्ही दगडांत कोरलेलीं आहेत. असें ठिकाण आपल्या घराजवळ आहे, हें आमच्या किती विद्यार्थ्यांनीं थांबून पाहिलें असेल?

सेंट पॉलचा घुमट भव्य आहे यांत शंका नाहीं. परंतु विजापूरचा गोलघुमट त्याहून रुंद आहे, आणि तो १६५६ सालीं, म्हणजे रेन यांच्या कामास आरंभ होण्यापूर्वींच, बांधून पुरा झाला होता. भिंतीशीं केलेली कुजबुज पलीकडे ऐकूं जाण्याची मौज दोन्हीकडे आहे. हें सांगण्यांत लंडनास कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. परदेशीं दिपून जाणें आणि परदेशास नांवें ठेवणें हे दोन्ही आळशी माणसाचे मार्ग होत. मापें घेऊन, सनावळी पाहून जो तुलना करतो, त्याला दोन्ही घुमटांचा आनंद मिळतो.

तीच गोष्ट राजाबाई टॉवरची. त्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीं लंडनांत बसून काढला. ते हिंदुस्थानांत कधींच आले नाहींत. प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नांवानें देणगी दिली, आणि १८७८ सालीं २८० फूट उंचीचा हा मनोरा पुरा झाला. लंडनांत सेंट पँक्रस स्टेशनाच्या तोंडाशीं स्कॉट यांनींच बांधलेलें भव्य हॉटेल आहे. त्याच्या कमानी व टोंकदार शिखरें पाहतांच मुलांना घरचें माणूस भेटल्यासारखें झालें. लंडनांतील हजारों इमारतींपैकीं ही एक त्यांना ओळखतां आली, ती शनिवारच्या फेरीमुळें. शेजाऱ्यांच्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच.

४. वस्तु आणि तिची चिठ्ठी

लंडनांतील पुष्कळ मोठीं संग्रहालयें विनामूल्य पाहावयास मिळतात. परंतु एका दिवसांत तीन संग्रहालयें धांवत पाहणें म्हणजे एका बैठकींत तीन जेवणें जेवण्यासारखें आहे. आम्हीं दोन दिवसांत दोनच पाहिलीं, आणि तींहि थोडथोडीं.

संग्रहालयांत वस्तूइतकीच तिच्याखालील चिठ्ठी महत्त्वाची असते. मुलांनीं चिठ्ठींत तीन गोष्टी शोधाव्या: वस्तु काय आहे, कोठची आहे, आणि येथें कशी आली. पहिल्या दोहोंचें उत्तर बहुधा ठळक अक्षरांत असतें. तिसऱ्याचें शोधावें लागतें. ब्रिटिश म्यूझियममध्यें आंध्रांतील अमरावतीच्या स्तूपाचीं सुंदर शिल्पें आहेत. तीं पाहून आनंद झाला, आणि तीं कृष्णेच्या कांठीं नसून टेम्सच्या कांठीं कां, हा प्रश्नहि पडला. दोन्ही भावना मनांत एकत्र राहूं द्याव्या. एकीसाठीं दुसरीस हांकलून देऊं नये.

चिठ्ठी वाचण्याचें महत्त्व वाघनखांच्या उदाहरणानें चांगलें कळतें. व्हिक्टोरिया ॲण्ड आल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचीं वाघनखें २०२४ सालच्या जुलै महिन्यांत तीन वर्षांच्या मुदतीनें महाराष्ट्रांत आलीं, तेव्हां आम्हीं मुलांस साताऱ्यास नेऊन तीं दाखविलीं होतीं. साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्यांतून तीं त्या संग्रहालयाकडे गेलीं. अफजलखानाच्या भेटीच्या वेळीं छत्रपति शिवाजी महाराजांनीं वापरलेलीं तीं हींच, अशी समजूत आहे. परंतु खुद्द संग्रहालय सांगतें कीं, हें निश्चितपणें सिद्ध करतां येत नाहीं. हें ऐकून चिरंजीव हिरमुसले. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, प्रतापगडाखालील प्रसंग या एका पोलादी तुकड्यावर उभा नाहीं. तो इतिहासाच्या इतर साधनांनीं सिद्ध आहे. महाराजांची थोरवी सिद्ध करण्यासाठीं आपणांस शंकास्पद पुराव्याची गरज नाहीं. जें ठाऊक आहे तेवढेंच ठाऊक आहे म्हणावें, हा प्रामाणिकपणा त्या चिठ्ठीपासून शिकावा.

राणीच्या बागेंतील आपलें संग्रहालय १८७२ सालीं आजच्या इमारतींत उघडलें, आणि १९७५ पर्यंत त्याचेंहि नांव व्हिक्टोरिया ॲण्ड आल्बर्ट असेंच होतें. तेव्हां ज्यांना लंडनची वारी घडणार नाहीं, त्यांनीं चिठ्ठी वाचण्याचा अभ्यास भायखळ्यास करावा. तेथील मातीच्या लहान लहान पुतळ्यांतून जुन्या मुंबईंतील नाना जातींचे व धंद्यांचे लोक आपली वाट पाहत उभे आहेत.

५. टेकडी आणि चाळ

लंडनांत आमच्या लोकांच्या खुणा पुष्कळ आहेत. लोकमान्य टिळक १९१८-१९ सालीं हाउली प्लेसमधील दहा क्रमांकाच्या घरांत राहिले होते. त्या घरावर तशी पाटी आहे. गिरगांव चौपाटीवरील त्यांचा पुतळा रोज पाहणाऱ्या मुलांना ती पाटी पाहून केवढा आनंद झाला! परंतु आमच्या सर्व प्रवासांत मोलाचा ठरला तो एका सकाळचा पायीं केलेला फेरफटका. त्यास एक पैहि खर्च आला नाहीं.

रीजंट्स पार्क या विस्तीर्ण उद्यानांत संगमरवराची व लाल ग्रॅनाइटची एक पाणपोई आहे. ती १८६९ सालीं मुंबईच्या सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगींतून उभी राहिली. राजाबाई टॉवरशेजारच्या विद्यापीठाच्या पदवीदान-सभागृहासहि याच गृहस्थांनीं पैसा दिला. मुंबईच्या माणसानें लंडनच्या तहानेल्यांस पाणी पाजावें, ही गोष्ट इंग्रजी राज्याच्या इतिहासांत क्वचितच सांगितली जाते. तेथून उत्तरेस चालत गेलें असतां प्रिमरोझ हिल नांवाची हिरवी टेकडी लागते. तिच्या माथ्यावरून सेंट पॉलच्या घुमटासह सारें लंडन दृष्टीस पडतें. टेकडी उतरून पलीकडे गेलें कीं किंग हेन्रीज रोड. आणि त्या रस्त्यावरील दहा क्रमांकाचें घर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ सालीं जेथें राहत होते तें. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं तें विकत घेऊन त्याचें स्मारक केलें.

हें घर पाहण्यापूर्वीं पोयबावडीची चाळ पाहणें अवश्य आहे. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. परळची ती चाळ त्या ट्रस्टचीच. १९१२ पासून बाबासाहेबांचें बिऱ्हाड तेथें होतें. १९१६ सालीं ते अमेरिकेंतून लंडनास आले. परंतु बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें अभ्यास अर्धा टाकून १९१७ सालीं त्यांस परतावें लागलें. मग सिडनेहॅम कॉलेजांत अध्यापकी करून त्यांनीं पैसा साठविला, शाहू महाराजांनीं साहाय्य केलें, मित्रानें कर्ज दिलें, आणि १९२० सालीं ते पुन्हा लंडनास गेले. तेथें अपुऱ्या अन्नावर राहून ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयांत ते दिवसचे दिवस बसत. १९२१ सालीं एम्. एस्‌सी., १९२२ सालीं बॅरिस्टरी आणि १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डी. एस्‌सी., अशी त्या तीन वर्षांची कमाई. लंडनांत प्रेक्षणीय स्थळें काय थोडीं होतीं? परंतु त्यांनीं मुख्यतः एकच स्थळ पाहिलें, आणि तें म्हणजे वाचनालयांतील आपली जागा.

घरांतील पुस्तकें व छायाचित्रें पाहून झाल्यावर आमच्या कन्येनें विचारलें, "बाबासाहेब येथें होते, तेव्हां रमाबाई कोठें होत्या?"

रमाबाई परळच्या चाळींत होत्या. मुलांबाळांसह अत्यंत ओढगस्तींत त्या दिवस कंठीत होत्या. कन्या कांहीं वेळ गप्प राहिली. त्या चाळीचे जिने ती महिन्यापूर्वींच चढली होती, म्हणून तिला अधिक सांगावें लागलें नाहीं. मग ती म्हणाली, "म्हणजे लंडनचा खर्च परळास भरला जात होता."

यावर आम्हांस कांहीं जोडावयाचें नाहीं. ज्या विद्यार्थ्यास पुढें शिक्षणासाठीं परदेशीं जाण्याचें भाग्य लाभेल, त्यानें हें वाक्य आपल्या पेटींत सर्वांत वर ठेवावें. दूर देशीं गेलेल्या प्रत्येकाचा खर्च मागें राहिलेलें कोणीतरी भरीत असतें, आणि तो नेहमीं पैशाचाच असतो असें नाहीं.

बाबासाहेबांनीं लंडनाहून काय आणलें हें पाहावयाचें असेल तर दादरच्या हिंदु कॉलनींत जावें. तेथें त्यांनीं बांधलेलें 'राजगृह' आहे. आपल्या ग्रंथांसाठीं ऐसपैस जागा असावी म्हणून त्यांनीं तें बांधविलें. वाचनालयांतील परक्या बैठकीचें तेथें स्वतःच्या ग्रंथालयांत रूपांतर झालें.

६. पालकांस दोन शब्द

परदेशच्या सहलीस मोठा पैसा लागतो. कित्येक कुटुंबें त्यासाठीं वर्षानुवर्षें शिल्लक टाकतात, कांहीं कर्जहि काढतात. म्हणून तो खर्च वांया जाऊं नये याची काळजी घ्यावी. दिवसास एक मोठें ठिकाण पुरे. दुपारीं मुलांस बागेंत मोकळें सोडावें. लंडनच्या बागा हेंहि लंडनच आहे. अकरा वर्षांखालील मुलांस वडील माणसाबरोबर भुयारी रेल्वेंत भाडें पडत नाहीं. सेंट पॉल पाहण्यास शुल्क आहे, परंतु सायंउपासनेस येणाऱ्याकडून तें घेत नाहींत. त्या वेळीं गायकवृंदाचें गायनहि ऐकावयास मिळतें. मात्र तेथें उपासक म्हणून बसावें, प्रेक्षक म्हणून हिंडूं नये. रात्रीं निजण्यापूर्वीं मुलांकडून चार ओळी लिहवून घ्याव्या. छायाचित्रें शेंकड्यांनीं निघतात आणि महिन्याभरांत विसरलीं जातात. स्वतःच्या हातानें लिहिलेलें राहतें.

आणि ज्यांना जाणें शक्य नाहीं अशा पालकांनीं मुलांसमोर उसासे टाकूं नयेत. या पाठांतील अर्धीं स्थळें बेस्टच्या बसगाडीच्या भाड्यांत दिसणारीं आहेत. राजाबाई टॉवर ज्यानें नीट पाहिला, त्यानें स्कॉट यांची कला पाहिली. पोयबावडीचा जिना जो चढला, त्यानें किंग हेन्रीज रोडवरील घराचा पाया पाहिला. पुढेंमागें लंडनचा योग आलाच, तर तो रिकाम्या डोळ्यांनीं जाणार नाहीं.

अभ्यास

१. मुंबईची सूर्यवेळ व भारतीय प्रमाणवेळ यांतील ३९ मिनिटांचा फरक गणितानें काढून दाखवा. नागपूरचें रेखांश नकाशांत पाहून तेथील फरक काढा.

२. आपल्या घरापासून अर्ध्या कोसाच्या आंत असलेली एक जुनी इमारत, पाणपोई किंवा पुतळा निवडा. तो कोणीं, केव्हां व कोणाच्या पैशानें उभारला तें शोधून दहा ओळींत लिहा.

३. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांतील एका वस्तूची चिठ्ठी उतरून आणा. ती वस्तु तेथें कशी आली हें चिठ्ठीवरून कळतें काय?

४. आपल्या शिक्षणाचा खर्च घरांत कोण कोण, आणि कशाच्या रूपानें भरीत आहे? याचें उत्तर वहींत लिहा. तें शिक्षकांस दाखविण्याची आवश्यकता नाहीं.